चाळीचा मालक आणि चाळीचें भाडें

दर वर्षीं मृगाचा पाऊस लागण्याच्या सुमारास मुंबईच्या वर्तमानपत्रांत एक यादी प्रसिद्ध होते. शहराच्या दक्षिण भागांतील ज्या जुन्या इमारती येत्या पावसाळ्यांत धोक्याच्या ठरण्याचा संभव अधिक, त्यांचीं नांवें त्या यादींत असतात. इमारत दुरुस्ती मंडळ ही यादी काढतें, रहिवाशांना जागा सोडण्याच्या नोटिसा देतें, भिंतींना बाहेरून टेकू लावतें, आणि तरीहि पुष्कळशीं कुटुंबें तेथेंच राहतात. श्रोत्यांच्या मनांत अशा वेळीं पहिला प्रश्न उभा राहत असेल तो हा कीं, या घरांना कोणी मालक आहे कीं नाहीं? असल्यास तो करतो काय?

मालक आहे, आणि तो काय करतो हें सांगण्यापूर्वीं त्याच्या हातांत काय ठेवलें गेलें आहे हें पाहणें अवश्य आहे. भाडेकरूंचीं गाऱ्हाणीं आजवर पुष्कळ ठिकाणीं मांडलीं गेलीं आहेत, व तीं मांडलीं जाणें योग्यच होतें. घरमालकाचें गाऱ्हाणें मात्र सहसा कोणी ऐकून घेत नाहीं. घरमालक म्हटला कीं पहिल्या तारखेला मेहताजीला दारोदार पाठविणारा आणि नळ नादुरुस्त झाला कीं कानांवर हात ठेवणारा गृहस्थ डोळ्यांपुढें येतो. हें चित्र अगदींच खोटें नाहीं. पण तें अपुरें आहे, आणि या अपुरेपणाची किंमत शेवटीं भाडेकरूलाच मोजावी लागते.

मुंबईंत कापडाच्या गिरण्या वाढूं लागल्या तेव्हां कोकणांतून व घाटावरून हजारों माणसें पोटापाण्यासाठीं शहरांत आलीं. त्यांच्या निवाऱ्याची सोय गिरणीमालकांनीं फारच थोडी केली. ती केली खाजगी लोकांनीं. कोणी पेढीवाला, कोणी ठेकेदार, कोणी चार पैसे गांठीं असलेला दुकानदार जागा भाडेपट्ट्यानें घेई, कर्ज काढी आणि तीन-चार माळ्यांची चाळ उठवी. दहा फूट रुंद, बारा फूट लांब अशा खोल्यांची रांग, पुढें सामाईक सज्जा, टोकाला नळ व शौचकूप. त्याचा हिशेब साधा होता. सरकारी रोख्यांवर मिळणाऱ्या व्याजाहून दोन पैसे अधिक सुटावे, कर व डागडुजी भागावी, आणि मुलाबाळांसाठीं कांहीं मागें राहावें. परोपकार म्हणून कोणी चाळ बांधली नाहीं, तशी ती कोणाला लुबाडण्यासाठींहि बांधली नाहीं. तो एक धंदा होता. गरिबांना घर पुरविण्याचें काम या धंद्यानें केलें, आणि तें पुष्कळदां वाईट रीतीनें केलें, हेंहि मान्य केलें पाहिजे.

सरकारनें स्वतः मालक होऊन पाहिलें नाहीं असें नाहीं. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ सालीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. पुढें १९२० नंतर डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनें वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें काँक्रीटच्या २०७ चाळी उभ्या केल्या. याच त्या प्रसिद्ध बीडीडी चाळी. आरंभींचीं कांहीं वर्षें यांतील पुष्कळ खोल्या रिकाम्या पडल्या होत्या. बांधकामाच्या खर्चाला शोभेल असें भाडें घ्यावें तर तें कामकऱ्याच्या खिशाला झेपेना, आणि झेपेल असें घ्यावें तर खर्च भरून निघेना. गरिबाच्या घराचा सारा पेंच हाच आहे. फरक इतकाच कीं, सरकारचा तोटा तिजोरींतून भरून निघाला. खाजगी मालकापाशीं तशी तिजोरी नव्हती.

भाड्यावर कायद्याचा निर्बंध प्रथम आला तो पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ सालीं. माल महागला होता, बांधकामें थांबलीं होतीं, शहरांत माणूस मावत नव्हता, आणि मालक मन मानेल तें भाडें मागूं लागले होते. तो कायदा पुढें संपुष्टांत आला. दुसरें महायुद्ध उभें राहतांच १९३९ सालीं पुन्हां निर्बंध आला, १९४४ सालीं तो नव्या रूपानें आला, आणि अखेर १९४७ चा मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा १३ फेब्रुवारी १९४८ पासून अंमलांत आला. १ सप्टेंबर १९४० रोजीं खोलीला जें भाडें पडत होतें तें तिचें प्रमाणभाडें. त्यानंतर प्रथमच दिलेल्या खोलीला त्या पहिल्या वेळचें भाडें. करवाढीसारख्या थोड्या बाबी सोडल्यास याहून अधिक घेणें बेकायदा ठरलें. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे मुंबईंत येत होते. त्या दिवसांत हा आधार नसता तर किती बिऱ्हाडें रस्त्यावर आलीं असतीं याची कल्पनाच केलेली बरी. तेव्हां हा कायदा करणाऱ्यांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. दोष आहे तो पुढच्या पन्नास वर्षांचा. कायदा मूळ मुदतीचा होता. मुदत संपत आली कीं विधिमंडळ ती वाढवून देई. भाडें मात्र त्या एका दिवशीं थांबलें तें थांबलेंच.

याचा परिणाम आकड्यांत मांडून पाहावा. समजा, एका चाळींत ४० खोल्या आहेत आणि खोलीचें प्रमाणभाडें १५ रुपये आहे. महिन्याची जमा ६०० रुपये. १९४० सालीं या रकमेंत मेहताजीचा पगार, झाडूवाल्याचा पगार, पालिकेचा कर, कौलें चाळणें, चुना मारणें हें सर्व होऊन मालकाला चांगली शिल्लक राही. १९७० सालींहि जमा ६०० च, आणि १९९० सालींहि ६०० च. मधल्या काळांत सिमेंट, लाकूड, लोखंड व मजुरी हीं कितीपट चढलीं हें घर चालविणाऱ्या कोणालाहि सांगावयास नको. पुढें १९९९ चा नवा कायदा झाला व तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यानें दर वर्षीं ४ टक्के वाढ मान्य केली. त्या हिशेबानें १५ रुपयांचें भाडें पंचवीस वर्षांनीं ४० रुपयांवर येतें. म्हणजे सबंध चाळीचे महिन्याचे १,६०० रुपये. गवंडी व त्याच्या हाताखालचा बिगारी यांना दोन दिवस कामाला लावलें तर ही रक्कम पुरत नाहीं, आणि तीतून शंभर वर्षांच्या सागवानी तुळया बदलावयाच्या असतात!

दुरुस्तीचें ओझें कायद्यानें मालकावरच ठेवलें आहे. त्यानें तें उचललें नाहीं तर भाडेकरूनें नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करावी व खर्च भाड्यांतून कापून घ्यावा, अशीहि तरतूद आहे. पण हा खर्च भाड्याच्या ठराविक अंशापलीकडे जातां कामा नये. चाळीस रुपयांचा अंश तो केवढा असणार! त्यांत मोरीची फरशीहि बसत नाहीं.

मालकाची दुसरी तक्रार भाडें वेळेवर न येण्याची आहे. हातावर पोट असणाऱ्या माणसाची मिळकत थांबली कीं वाणी उधारी बंद करतो. मालकाला मात्र बिऱ्हाड बाहेर काढतां येत नाहीं. साहजिकच सर्वांत आधीं थकतें तें भाडें. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या सुमारास कामगारांचा पगार बंद पडला. त्या काळीं गिरणगांवांतील मालकानें भाडें मागावें तरी कोणाकडे? आजच्या कायद्याप्रमाणें थकबाकीसाठीं प्रथम नव्वद दिवसांची नोटीस द्यावी लागते. दावा लावल्यावरहि भाडेकरूनें समन्स हातीं पडल्यापासून नव्वद दिवसांच्या आंत सर्व बाकी १५ टक्के व्याजानें व दाव्याच्या खर्चासह न्यायालयांत भरली तर त्याची जागा वांचते. ही सवलत योग्यच आहे. चार महिन्यांच्या आजारपणापायीं कोणाचें घर जाऊं नये. परंतु लघुवाद न्यायालयांत वकील देणें, तारखा सांभाळणें आणि वर अपिलें लढविणें यांचा खर्च खोलीच्या दहा वर्षांच्या भाड्यांतूनहि निघत नाहीं. म्हणून शहाणा मालक दावाच लावीत नाहीं, आणि भाडेकरूच्या हें ध्यानांत आलेलें असतें.

स्वतःच्या गरजेसाठीं जागा मागणाऱ्या मालकाची स्थिति याहून अवघड. गरज खरी आहे हें तर त्यानें सिद्ध करावयाचेंच. शिवाय, ताबा दिल्यानें अधिक हाल कोणाचे होतील हें न्यायालय तोलून पाहतें. पुण्याच्या पेठांतील वाड्यांत हें दृश्य फार जवळून दिसे. मालक व बिऱ्हाडकरू एकाच चौकांत नांदणारे, एकाच नळावर हंडे लावणारे, एकमेकांच्या मुंजी-लग्नांत पंगतीला बसणारे. मालकाच्या मुलाचें लग्न ठरतें, दोन खोल्या कमी पडतात, आणि समोरच्या तीन खोल्यांत बिऱ्हाडकरू जुन्या भाड्यानें राहत असतात. काका-काकू म्हणून हांक मारणाऱ्या घरांत मग नोटीस जाते. त्या दिवसापासून दोन्ही घरांतील बायका पाणी भरण्याच्या वेळा बदलतात. दावा बाप लावतो व निकाल मुलगा ऐकतो, असें म्हणण्याची पाळी पुष्कळदां आली.

मालकांनींहि मग आपल्या वाटा काढल्या, आणि त्या सगळ्याच सरळ नव्हत्या. पाणी किंवा दिवा तोडणें हा कायद्यानें गुन्हा आहे, पण पाण्याचा पंप बिघडणें हा गुन्हा नाहीं! जिन्याची पायरी निखळली ती निखळलीच. गच्चीवर पिंपळ उगवला तो उपटावयाचा नाहीं. इमारत पडली तर जमीन मोकळी होईल असा हिशेब मनांत धरून जो मालक दुरुस्ती टाळतो, त्याची बाजू कोणत्याहि सभ्य माणसानें घेऊं नये.

पागडी ही अशीच एक वाट. जागेची खरी किंमत भाड्याच्या रूपानें घेतां येईना, तेव्हां ती एकरकमी घेण्याची पद्धति पडली. खोली देतांना मालक मोठी रक्कम घेई व पावती नाममात्र भाड्याची देई. पुढें तोच भाडेकरू जागा सोडतांना नव्याकडून पागडी घेई आणि तींतील साधारण तिसरा हिस्सा मालकाला देई. १९४७ च्या कायद्यानें हा व्यवहार गुन्हा ठरविला होता, तरी तो पन्नास वर्षें राजरोस चालला; १९९९ च्या कायद्यानें त्याला मान्यता दिली. ज्या माणसानें अशी पागडी मोजून खोली घेतली तो स्वतःला भाडेकरू न समजतां अर्धा मालक समजतो, आणि त्याचेंहि चुकत नाहीं. भाडें थोडें म्हणून मालक नाडला गेला हें म्हणतांना, कित्येक मालकांनीं पागडीच्या रूपानें आपलें भांडवल उचललें आहे, ही गोष्ट विसरून चालत नाहीं. मात्र ज्यांच्या चाळींत खोल्या कधीं हातच बदलत नाहींत, त्यांना हेंहि मिळालें नाहीं.

घरें पडूं लागलीं तेव्हां सरकारला हात घालणें भागच पडलें. १९६९ सालीं इमारतींची दुरुस्ती व पुनर्रचना करण्यासाठीं मंडळ स्थापण्याचा कायदा झाला. १९७७ पासून हें काम म्हाडाकडे आलें. मुंबई बेटावरील जुन्या इमारतींवर उपकर बसविण्यांत आला. अशा इमारती १९,६४२ भरल्या. त्यांपैकीं १६,५०२ या १ सप्टेंबर १९४० पूर्वींच्या, म्हणजे ज्या दिवशीं भाडें थांबलें त्या दिवसाच्या आधींच्या होत्या. उपकर मालमत्ताकराबरोबर गोळा होतो व त्याचा बराच भाग मालकानें भाडेकरूंकडून वसूल करावयाचा असतो. या पैशांत सरकारनें भर घालावी आणि मंडळानें दुरुस्ती करावी, अशी ही योजना. योजना चांगली होती, आणि तिच्यामुळें अनेक इमारती तगल्या. परंतु प्रत्येक इमारतीवर करावयाच्या खर्चाला मर्यादा आहे. मर्यादेबाहेरचा खर्च रहिवाशांनीं भरावा लागतो, आणि तो भरण्याची ऐपत असती तर ते टेकूच्या आधारानें राहिलेच नसते. एके ठिकाणीं तुळई बदलावी तों दुसरीकडे वाळवी लागलेली असते. मालकाचें म्हणणें असें कीं, दुरुस्ती मंडळानें घेतली, भाडें कायद्यानें धरलें, ताबा भाडेकरूकडे राहिला. मालकाचें म्हणून उरलें तें करबिलावरचें नांव.

त्याला सर्वांत झोंबली ती १९८६ ची दुरुस्ती. तिच्या आधारें सत्तर टक्के रहिवाशांनीं सहकारी संस्था करून मागणी केली तर सरकार ती जमीन व इमारत संपादन करून त्यांना देऊं शकतें, आणि मालकाला भरपाई मिळते महिन्याच्या भाड्याच्या शंभर पट. वर सांगितलेल्या ६०० रुपयांच्या चाळीला हिशेब लावला तर सबंध चाळ, जमिनीसकट, ६०,००० रुपयांस! मालकांच्या संघानें याविरुद्ध न्यायालयाची पायरी चढली. तें प्रकरण तीस वर्षांहून अधिक काळ फिरत राहून सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांपुढें गेलें, आणि प्रत्येक खाजगी मालमत्ता ही घटनेच्या ३९ (ख) अनुच्छेदांतील 'समाजाची भौतिक साधनसंपत्ति' ठरत नाहीं, असा निर्णय बहुमतानें ५ नोव्हेंबर २०२४ रोजीं लागला.

त्याआधीं १९९७ च्या डिसेंबरांत त्याच न्यायालयानें गोठलेल्या भाड्याविषयीं मत दिलें होतें. आरंभीं रास्त असलेली तरतूद काळ लोटल्यानें अन्यायाची झाली आहे, एका वर्गाचें संरक्षण करतांना दुसऱ्या वर्गावर अन्याय होतां कामा नये, असा त्याचा आशय. त्यानंतरच १९९९ चा कायदा आला. त्यानें बँका, सरकारी महामंडळें आणि एक कोटी रुपये किंवा अधिक भांडवलाच्या कंपन्या यांना संरक्षणांतून वगळलें, हें फार चांगलें झालें. एखादी बँक शंभर-दोनशें रुपयांत हमरस्त्यावरची जागा वापरीत असे, हा तर निव्वळ विनोद होता. पण राहत्या खोल्यांचा पाया जुन्याच भाड्याचा राहिला.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घेण्यासारखी आहे. भाडेकरूची मिळकत किती, हें हा कायदा कधींच विचारीत नाहीं. तो विचारतो, जागा कधींपासून आहे? सवलत खोलीला चिकटली, माणसाला नाहीं. भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबियाकडे ती जाते. त्यामुळें एकाच सज्ज्यावर तीन प्रकारचीं बिऱ्हाडें दिसतात. एका खोलींत गिरणीकामगाराची विधवा खरोखरच चाळीस रुपयांच्या आधारानें दिवस काढीत असते. शेजारच्या खोलीला कुलूप असतें. तिचा भाडेकरू उपनगरांतील स्वतःच्या सदनिकेंत राहतो व खोली पुनर्विकासाच्या आशेनें राखून ठेवतो. आणि तिसऱ्या खोलींत कालपरवां गांवाहून आलेला मजूर पोटभाडेकरू म्हणून हजारों रुपये मोजतो, ते मालकाला नव्हे तर जुन्या भाडेकरूला! तिघांत गरीब कोण, हें सांगावयास नको. आणि मालकाकडून तिघांनाहि एकाच मापानें साहाय्य दिलें जातें.

साहाय्य सरकारनें आपल्या पदरचें दिलें तर मालक संतुष्ट होतो काय? अमेरिकेंत १९७४ पासून अशी पद्धति आहे. गरीब कुटुंबानें आपल्या मिळकतीच्या सुमारें तीस टक्के भाडें द्यावें आणि वरची रक्कम सार्वजनिक गृहसंस्थेनें थेट मालकाला पोंचवावी. तेथेंहि मालक कुरकुरतात. जागेची तपासणी होईपर्यंत ती रिकामी राहते, कागदपत्रें फार, भाड्याची कमाल मर्यादा संस्था ठरविते, आणि जागेची नासधूस झाल्यास भरून कोण देणार, अशा त्यांच्या तक्रारी असतात. कित्येक मालक असे भाडेकरू घेण्यासच नकार देतात, म्हणून कांहीं राज्यांना असा नकार बेकायदा ठरवावा लागला. म्हणजे गाऱ्हाणें तेथेंहि संपलेलें नाहीं. पण तेथील मालकाला भाडें मिळतें व तपासणींत नापास झालेल्या घरासाठीं तें मिळत नाहीं. त्यामुळें घर उभें ठेवण्यांत त्याचा स्वार्थ राहतो. मुंबईच्या मालकाचा स्वार्थ कायद्यानें नेमका उलट बाजूला नेऊन ठेवला.

गेल्या तीन-चार दशकांत सर्वांची दृष्टि पुनर्विकासाकडे लागली आहे. जुनी चाळ पाडावी, जागेवर अधिक उंच बांधण्याची परवानगी द्यावी, जुन्या रहिवाशांना विनामूल्य घरें द्यावीं आणि उरलेलीं घरें विकून विकासकानें खर्च व नफा काढावा. पूर्वीं यासाठीं सत्तर टक्के रहिवाशांची संमति लागे. आतां ५१ टक्के पुरते. किमान ३०० चौरस फुटांचें घर मिळतें. कागदावर यांत कोणाचाच तोटा नाहीं. परंतु जेथें जागेला भाव नाहीं किंवा भूखंड चिंचोळा आहे तेथें विकासक फिरकत नाहीं. जेथें फिरकतो तेथें मालक, भाडेकरू व विकासक यांचें त्रांगडें वर्षानुवर्षें सुटत नाहीं. संक्रमण शिबिरांत तात्पुरतीं म्हणून नेलेलीं कुटुंबें दशकेंच्या दशकें तेथेंच राहिल्याचीं उदाहरणें आहेत. तीं डोळ्यांपुढें असल्यामुळें नोटीस आली तरी माणसें टेकूखालची खोली सोडीत नाहींत. भेंडीबाजारांतील हुसैनी इमारत अशाच मोठ्या पुनर्विकासांत मोडणार होती. कांहीं कुटुंबें आधींच हलविलीं होतीं, कांहीं मागें राहिलीं होतीं. ३१ ऑगस्ट २०१७ रोजीं सकाळीं ती कोसळली, आणि ३३ माणसें मरण पावलीं.

२०२२ च्या अखेरीस राष्ट्रपतींची संमति मिळालेल्या दुरुस्तीप्रमाणें, धोकादायक ठरलेल्या उपकरप्राप्त इमारतीच्या मालकाला पुनर्विकासाचा प्रस्ताव आणण्यास सहा महिने मिळतात. तेवढ्यांत त्यानें रहिवाशांची संमति, नकाशे, विकासक आणि मधल्या काळांतील जागेची सोय हें सर्व जुळवावयाचें. न जुळल्यास पुढील सहा महिने भाडेकरूंच्या संस्थेला. तिलाहि न जमल्यास मंडळ जागा ताब्यांत घेऊं शकतें. तोंवर मेहताजी पहिल्या तारखेला जिना चढतो, कठड्याला हात न लावतां, आणि चाळीस रुपयांची पावती फाडून देतो. त्या पावतीवर भाडेकरूचें नांव पुष्कळदां आजोबांचें असतें, आणि मालकाचेंहि आजोबांचेंच.